जुन्या मोटारगाडीची विक्री आणि खाजगी विक्रेत्याचे कायदेशीर उत्तरदायित्व : मीरा-भाईंदर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले मीरा-भाईंदर हे ठाणे जिल्ह्यातील झपाट्याने वाढलेले शहर होय. १९८५ साली येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ इतकी होती. रोज मुंबईला ये-जा करणाऱ्या नोकरदार मध्यमवर्गाचे प्रमाण येथे मोठे आहे. कुटुंबाची पहिली मोटारगाडी घेणे आणि काही वर्षांनी ती विकून दुसरी घेणे ही या वर्गाच्या जीवनातील आता सामान्य बाब झाली आहे.

अशी विक्री अनेकदा ओळखीतून होते. सोसायटीतील शेजारी, कार्यालयातील सहकारी अथवा नात्यातील कोणी गाडी पाहतो, मेकॅनिककडून तपासून घेतो, किंमत ठरते, रक्कम हाती येते आणि विक्रेता कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली सोपवतो. 'नावावर करण्याचे तुम्ही सावकाश बघा' असे सांगून व्यवहार संपल्याचे मानले जाते. व्यवहारापुरती ही समजूत सोयीची असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती अपुरी आहे. किल्ली दिल्याने गाडी जाते; उत्तरदायित्व मात्र शासकीय नोंदीत नाव बदलेपर्यंत विक्रेत्याकडेच राहते. या दोन घटनांमधील काळात घडणाऱ्या अपघाताची किंमत कोणी मोजावयाची, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

विवेचनाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) खाजगी विक्रेत्याच्या खरेदीदाराप्रती असलेल्या जबाबदाऱ्या स्पष्ट करणे, (२) नोंदणी प्राधिकाऱ्याप्रती असलेली त्याची वैधानिक कर्तव्ये मांडणे, (३) अपघातग्रस्त तृतीय पक्षाप्रती त्याच्यावर येणाऱ्या दायित्वाचे न्यायनिर्णयांच्या आधारे विवेचन करणे, आणि (४) विक्रेत्याने घ्यावयाच्या दक्षतेचा क्रम सुचविणे. येथे 'खाजगी विक्रेता' म्हणजे वाहन खरेदी-विक्रीचा व्यवसाय न करणारी, स्वतःच्या वापरातील गाडी विकणारी व्यक्ती असा मर्यादित अर्थ अभिप्रेत आहे. विवेचन वैधानिक तरतुदी व न्यायनिर्णय यांवर आधारलेले असून त्याची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

१. खरेदीदाराप्रती असलेली जबाबदारी

मोटारगाडी ही जंगम मालमत्ता असल्याने तिच्या विक्रीस माल विक्री अधिनियम, १९३० लागू होतो. या अधिनियमाच्या कलम १६ नुसार मालाचा दर्जा अथवा विशिष्ट कामासाठी त्याची योग्यता याविषयी सामान्यतः कोणतीही गर्भित हमी नसते. खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे, हे तत्त्व येथे मूलभूत आहे. या तत्त्वाला जे प्रमुख अपवाद आहेत ते त्या प्रकारच्या मालाचा व्यवहार करणाऱ्या विक्रेत्याला, म्हणजे व्यापाऱ्याला लागू होतात. त्यामुळे विक्रीनंतर महिनाभरात गिअरबॉक्स नादुरुस्त झाला, तर केवळ तेवढ्या कारणावरून खाजगी विक्रेता जबाबदार ठरत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा रोखही प्रामुख्याने व्यापारी, उत्पादक व सेवा पुरवठादार यांच्यावर आहे. एखाद्या वेळी स्वतःची गाडी विकणारी व्यक्ती सर्वसाधारणपणे व्यापारी ठरत नसल्याने अशा वादात खरेदीदाराला दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.

तथापि, यावरून खाजगी विक्रेता सर्वथा मुक्त आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कलम १४ नुसार, करारातून वेगळा उद्देश दिसत नसेल तर, विक्रेत्यास माल विकण्याचा अधिकार आहे, खरेदीदारास मालाचा निर्वेध ताबा मिळेल आणि त्याला न कळविलेला कोणताही बोजा मालावर नाही, या गोष्टी गृहीत धरल्या जातात. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या गाडीच्या बाबतीत ही तरतूद महत्त्वाची आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तपुरवठादाराची नोंद असेपर्यंत मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५१ नुसार त्याच्या लेखी संमतीविना हस्तांतरणाची नोंद होत नाही. कर्ज फिटले, परंतु बोजा उतरविला नाही, अशी स्थिती पुष्कळदा आढळते. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ सादर करून हा बोजा कमी करून घेणे हे विक्रीपूर्वीचे काम आहे.

दुसरी जबाबदारी सत्यकथनाची आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या दिली आहे. केवळ मौन हे सामान्यतः कपट नव्हे. परंतु जाणीवपूर्वक खोटे विधान करणे अथवा माहीत असलेली गोष्ट कृतीने लपविणे हे कपट होय. हा भेद उदाहरणाने स्पष्ट होईल. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई-ठाणे परिसरातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या आणि पावसाळ्यात सखल भागात पाणी साचणे आजही नवीन नाही. समजा, विक्रेत्याची गाडी अशा पाण्यात बुडाली होती. खरेदीदाराने काहीच विचारले नाही आणि विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बहुधा कपट ठरणार नाही. 'गाडी पाण्यात गेली होती का?' या प्रश्नाला जाणूनबुजून 'नाही' असे उत्तर दिले, तर ते कपट आहे. गाळाचे डाग दिसू नयेत म्हणून आतील अस्तर बदलून गाडी दाखविली, तर एक शब्दही न बोलता कपट घडू शकते. अशा स्थितीत कलम १९ नुसार करार खरेदीदाराच्या इच्छेनुसार रद्द होण्यास पात्र ठरतो. अर्थात सामान्य दक्षता घेतली असती तर सत्य कळले असते, असे असेल तेव्हा मिथ्या निवेदन व कपटयुक्त मौन यांच्या बाबतीत हा हक्क मिळत नाही. 'गाडी आहे त्या स्थितीत विकली आहे' हे करारातील वाक्य दर्जाविषयीच्या तक्रारीपासून काही संरक्षण देईल. कपटाला ते झाकू शकत नाही.

किलोमीटरचा मीटर मागे फिरवून गाडी विकणे हे प्रकरण फौजदारी स्वरूपही धारण करू शकते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणुकीच्या अपराधाची तरतूद आहे. गाडीतील बदलांविषयीही हीच दक्षता हवी. नंतर बसविलेला सीएनजी संच नोंदणी प्रमाणपत्रावर चढविलेला नसेल, तर ती अनियमितता विक्रीपूर्वी दूर करणे इष्ट होय.

२. नोंदणी प्राधिकाऱ्याप्रती असलेली कर्तव्ये

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५० ने हस्तांतरणाची सूचना देण्याचे कर्तव्य विक्रेता आणि खरेदीदार अशा दोघांवर स्वतंत्रपणे टाकले आहे. ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. 'नावावर करून घेणे हे घेणाऱ्याचे काम' ही प्रचलित समजूत कायद्याला मान्य नाही. राज्यांतर्गत विक्री असेल तर विक्रेत्याने हस्तांतरणापासून १४ दिवसांच्या आत, ज्या प्राधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात हस्तांतरण व्हावयाचे आहे त्यास विहित नमुन्यात कळवावे आणि त्याची प्रत खरेदीदारास द्यावी. राज्याबाहेर विक्री असेल तर ही मुदत ४५ दिवसांची असून मूळ नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना-हरकत प्रमाणपत्रही आवश्यक असते. खरेदीदारास ३० दिवसांची मुदत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार विक्रेत्याच्या सूचनेसाठी फॉर्म २९, हस्तांतरणाच्या अर्जासाठी फॉर्म ३० आणि ना-हरकत प्रमाणपत्रासाठी फॉर्म २८ विहित आहे.

मीरा-भाईंदरच्या भौगोलिक स्थानामुळे या तरतुदींना येथे व्यावहारिक महत्त्व आहे. शहरातील वाहनांचे काम दीर्घकाळ ठाणे प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे होते आणि येथील गाड्यांवर एमएच-०४ हा संकेतांक दिसे. २०२५ मध्ये राज्य शासनाने मीरा-भाईंदरसाठी एमएच-५८ या संकेतांकाचे स्वतंत्र कार्यालय मंजूर केले. दहिसरचा नाका ओलांडला की मुंबई महानगरपालिकेची हद्द आणि बोरिवली कार्यालयाचा एमएच-४७ संकेतांक सुरू होतो; वसई खाडी ओलांडली की पालघर जिल्हा व एमएच-४८ लागतो. महापालिका, जिल्हा अथवा संकेतांक बदलला तरी राज्य एकच असल्याने या विक्रीला १४ दिवसांचीच मुदत लागू होते. त्याच राष्ट्रीय महामार्गाने उत्तरेस जाऊन वापीच्या खरेदीदाराला गाडी विकली, तर मात्र राज्य बदलते आणि ना-हरकत प्रमाणपत्राची प्रक्रिया आवश्यक ठरते. खरेदीदार कोठे राहतो, हा प्रश्न म्हणूनच सौजन्याचा नसून कायदेशीर मुदत ठरविणारा आहे.

विक्रेत्याने आणखी काही गोष्टी विक्रीपूर्वी पाहावयास हव्यात. वाहनावरील प्रलंबित ई-चलनांची रक्कम, प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची वैधता आणि १५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण यांचा त्यात समावेश होतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक करण्यात आली आहे. फास्टॅग विक्रेत्याच्या खात्याशी जोडलेला असल्यास तो बंद करणे आवश्यक आहे. अन्यथा पुढील पथकर त्याच्याच खात्यातून जात राहतो. किंमत स्वीकारतानाही दक्षता हवी. एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यावर आयकर कायद्याने १ एप्रिल २०१७ पासून निर्बंध घातला असून त्याची दंडात्मक झळ रक्कम स्वीकारणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला बसते.

३. तृतीय पक्षाप्रती असलेले दायित्व

वरील दोन्ही जबाबदाऱ्यांपेक्षा जड, आणि तरीही सर्वांत कमी परिचित, अशी तिसरी जबाबदारी आहे. ती अशा व्यक्तीप्रती आहे जिला विक्रेता ओळखतही नाही : गाडी विकल्यानंतर त्या गाडीखाली सापडणारी व्यक्ती.

माल विक्री अधिनियमानुसार उभयपक्षांचा उद्देश असेल तेव्हा मालाची मालकी हस्तांतरित होते. त्यासाठी परिवहन कार्यालयातील नोंदीची वाट पाहावी लागत नाही. याउलट मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २(३०) नुसार, सर्वसाधारणपणे, ज्या व्यक्तीच्या नावे वाहनाची नोंदणी आहे ती 'मालक' होय. परिणामी एकाच गाडीला एकाच वेळी दोन मालक असू शकतात : एक कराराच्या दृष्टीने, दुसरा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या दृष्टीने. तुलनेसाठी ब्रिटनची पद्धत पाहता येईल. तेथील नोंदणीपत्रकात नोंदलेली व्यक्ती ही वाहनाची 'राखणदार' मानली जाते आणि ते पत्रक मालकीचा पुरावा नाही असे त्यावरच नमूद असते. भारतीय अधिनियमाने भरपाईच्या प्रयोजनासाठी नोंद आणि मालकी यांची सांगड घातली आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निर्णयात [(२०११) २ एससीसी २४०] हे सूत्र स्पष्ट झाले. १९९३ मध्ये विकलेला एक ट्रक नोंदीत जुन्या मालकाच्याच नावावर राहिला होता आणि १९९४ मध्ये त्याचा अपघात झाला. नोंदणीकृत मालक हाच भरपाईस जबाबदार असल्याचे न्यायालयाने ठरविले. त्या प्रकरणात विमापत्र जुन्या मालकाच्या नावे चालू असल्यामुळे भरपाईचा भार विमा कंपनीवर गेला. याचा अर्थ, विक्रेत्याला वाचविले ते विमापत्राने; विक्रीने नव्हे.

विमापत्र नसेल तर काय होते, हे ६ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयातून [(२०१८) ३ एससीसी १] दिसते. नोंदणीकृत मालकाच्या म्हणण्यानुसार त्याने आपली गाडी २००७ मध्ये विकली होती. त्यानंतर ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हस्तांतरित होत गेली. नोंद मात्र कोणीच बदलली नाही. मे २००९ मध्ये त्या गाडीच्या अपघातात एका बालकाचा मृत्यू झाला. गाडीचा विमा नव्हता. उच्च न्यायालयाने शेवटच्या खरेदीदाराला जबाबदार धरले; परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने तो निर्णय रद्द करून पहिल्या, म्हणजे नोंदणीकृत मालकावरच दायित्व टाकले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या या निकालाचा आशय असा की, अपघातग्रस्ताने नोंद न झालेल्या एकामागून एक विक्रींचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येणार नाही.

वरकरणी हा नियम विक्रेत्याला कठोर वाटतो. गाडी त्याच्या ताब्यात नाही, चालक त्याच्या माहितीचा नाही, अपघाताशी त्याचा संबंध नाही; मग भरपाई त्याने का द्यावी? याचे उत्तर अपघातग्रस्ताच्या बाजूने विचार केल्यास मिळते. मृत बालकाच्या पालकांपुढे केवळ एक नोंदणी क्रमांक असतो. त्या क्रमांकामागे ठामपणे उभी असलेली एकच व्यक्ती कायद्याने त्यांना दाखविली आहे. ती व्यक्ती 'मी गाडी विकली', पुढची 'मीही विकली' असे म्हणू लागली, तर भरपाईचा हक्क कागदावरच राहील. नोंद बदलण्याचा साधा उपाय विक्रेत्याच्या हाती होता. अपघातग्रस्ताच्या हाती कोणताच उपाय नव्हता. दोघांपैकी एकाने झीज सोसणे अटळ असेल, तर ती कोणी सोसावी याचा निर्णय कायद्याने अशा रीतीने केला आहे.

४. विमापत्राची भूमिका

कलम १४६ नुसार तृतीय पक्षाच्या जोखमीचा विमा प्रत्येक वाहनास अनिवार्य आहे. कलम १५७ नुसार गाडीबरोबर विमापत्रही हस्तांतरित झाल्याचे मानले जाते आणि खरेदीदाराने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे बदलासाठी अर्ज करावयाचा असतो. परंतु हे आपोआप होणारे हस्तांतरण तृतीय पक्षाच्या जोखमीपुरतेच आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यास ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निर्णयात [(१९९६) १ एससीसी २२१] स्पष्ट केले आहे. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजेच 'नो क्लेम बोनस', ही गाडीची नसून विमाधारकाची असल्याने विक्रेता ती स्वतःकडे राखू शकतो.

खरा धोका विमापत्राची मुदत संपल्यावर निर्माण होतो. गाडी विकली म्हणून विक्रेता विम्याचा हप्ता भरत नाही. गाडी नावावर नाही म्हणून खरेदीदार चालढकल करतो. मग नोंदीत विक्रेत्याचे नाव आणि रस्त्यावर विमा नसलेली गाडी अशी स्थिती उद्भवते. २०१८ च्या निर्णयातील दायित्व नेमक्या याच पोकळीतून विक्रेत्याच्या अंगावर आले. काही लाखांना विकलेल्या गाडीपोटी त्याहून कितीतरी अधिक भरपाई देण्याची वेळ एखाद्या पगारदार कुटुंबावर येऊ शकते. खरेदीदाराकडून ती रक्कम वसूल करण्यासाठी विक्रेत्याला पुढे स्वतंत्रपणे झगडावे लागते आणि तोवर खरेदीदार सापडेलच याची खात्री नसते.

नोंद न बदलण्याचे परिणाम भरपाईपुरते मर्यादित नाहीत. १० नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या मोटारगाडीत स्फोट झाला, ती अनेक हातांतून गेलेली होती. तपासाचा पहिला धागा मात्र नोंदणीकृत नावापर्यंतच पोहोचला. कलम १३३ नुसार गुन्ह्याच्या वेळी गाडी कोण चालवीत होते याची माहिती देण्याचे कर्तव्यही वाहनाच्या मालकावर आहे.

५. मध्यस्थामार्फत विक्री

बरेच विक्रेते गाडी थेट न विकता जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे सोपवितात. पूर्वी अशा व्यवहारात व्यापाऱ्याचे नाव नोंदीत कोठेही येत नसे. गाडी त्याच्याकडे महिनोन्महिने उभी राही, चाचणीसाठी फिरविली जाई आणि जबाबदारी विक्रेत्याची राही. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती करून १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांच्या 'प्राधिकृत विक्रेत्या'ची व्यवस्था अमलात आणली. गाडी अशा व्यापाऱ्याकडे सोपविल्याची सूचना फॉर्म २९ सी मध्ये दिली की तो त्या गाडीचा मानीव मालक ठरतो. म्हणून गाडी सोपविण्यापूर्वी व्यापाऱ्याकडे प्राधिकारपत्र आहे काय, हे पाहणे आणि सूचनेची पोच घेणे आवश्यक आहे. प्राधिकारपत्र नसलेल्या दलालास कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणे म्हणजे आपले नाव अनिश्चित काळासाठी इतरांच्या वापरास देणे होय.

६. विक्रेत्याने अनुसरावयाचा क्रम

वरील विवेचनावरून पुढील क्रम सुचविता येईल.

(अ) विक्रीपूर्वी कर्जाचा बोजा उतरवावा, ई-चलने भरावीत आणि कागदपत्रांची वैधता तपासावी.
(आ) गाडीचे अपघात, दुरुस्त्या व ज्ञात दोष यांची माहिती करारपत्रात लेखी नमूद करावी. लेखी सत्यकथन हे विक्रेत्याचे सर्वोत्तम संरक्षण आहे.
(इ) खरेदीदाराच्या ओळखपत्राची व पत्त्याच्या पुराव्याची प्रत घ्यावी.
(ई) ताबा दिल्याची तारीख व वेळ नमूद केलेली पावती उभयतांच्या सहीने करावी. त्यानंतरच्या चलनांचा व घटनांचा काळ ठरविण्यास ती उपयोगी पडते.
(उ) फॉर्म २९ व ३० पूर्ण भरूनच सही करावी; फॉर्म २९ स्वतः सादर करून पोच जपून ठेवावी.
(ऊ) विमा कंपनीस विक्रीची लेखी सूचना द्यावी.
(ए) परिवहन विभागाच्या 'वाहन' प्रणालीवर नोंद बदलली की नाही हे तपासत राहावे.

यातील शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. फॉर्म २९ ची पोच विक्रेत्याने कर्तव्य बजावल्याचा पुरावा ठरते. परंतु ती पोच म्हणजे बदललेली नोंद नव्हे. शक्य असेल तेथे किमतीचा काही भाग नोंद बदलल्यानंतर घेण्यापेक्षा नोंदणीचा अर्ज दोघांनी एकत्र सादर करून मगच ताबा देणे अधिक सुरक्षित ठरते. कारण रक्कम थकल्याने विक्रेत्याचे नुकसान मर्यादित असते, अपघाताचे दायित्व तसे नसते.

निष्कर्ष

१) खाजगी विक्रेता गाडीच्या दर्जाची हमी सामान्यतः देत नाही, परंतु निर्वेध हक्क आणि सत्यकथन यांबाबत तो बांधील असतो.
२) हस्तांतरणाची सूचना देणे हे विक्रेत्याचे स्वतंत्र वैधानिक कर्तव्य असून ते खरेदीदारावर सोपविता येत नाही.
३) नोंद बदलेपर्यंत अपघातग्रस्ताच्या दृष्टीने विक्रेताच मालक राहतो आणि विमा नसल्यास हे दायित्व व्यक्तिशः त्याच्यावर येते.
४) नोंदणीचा नियम हा केवळ प्रशासकीय सोपस्कार नसून अपघातग्रस्ताच्या भरपाईच्या हक्काचा आधार आहे.

वाणिज्य शाखेच्या वर्गांत माल विक्री अधिनियमातील अटी, हमी आणि खरेदीदाराची दक्षता ही तत्त्वे शिकविली जातात. मोटारगाडीची विक्री हे त्या तत्त्वांचे विद्यार्थ्यांच्या घरातील उदाहरण आहे आणि ती तत्त्वे कोठे अपुरी पडतात हेही ते दाखविते. करार विक्रेता व खरेदीदार या दोघांत होतो. रस्त्यावर मात्र तिसरा माणूसही चालत असतो. त्याच्या वाट्याचा विचार पूर्ण झाल्याशिवाय गाडीची विक्री पूर्ण झाली असे म्हणता येत नाही.